मदत हवी आहे: लॅपटॉप विकण्याआधी डेटा कायमचा कसा पुसायचा?

नमस्कार मंडळी, जुना लॅपटॉप विकायला काढलाय. विंडोज १० आहे, ११ त्यावर चढत नाही. आत दोन डिस्क: विंडोज असलेली २५६ जीबीची एसएसडी आणि १ टीबीची साधी हार्ड डिस्क. बँकेची स्टेटमेंट्स, आधार-पॅनचे स्कॅन, घरच्यांचे फोटो, सगळं त्यातच. बॅकअप घेऊन झालाय, उघडूनही पाहिलाय (एकदा न पाहता पस्तावलोय).

फॉरमॅट मारून भागत नाही हे मला ठाऊक आहे. क्विक फॉरमॅटने फक्त अनुक्रमणिका जाते, मजकूर जागेवरच राहतो आणि रिकव्हरी सॉफ्टवेअर तो उकरून काढतं. म्हणून हार्ड डिस्कवर डिस्कपार्टचं (विंडोजमधलंच डिस्क हाताळायचं कमांड-साधन) 'क्लीन ऑल' चालवणार आहे. ते प्रत्येक सेक्टरवर (डिस्कच्या छोट्या कप्प्यावर) शून्य लिहितं. रात्रभर चालू ठेवेन. एकदाच पुरे ना? की ते तीन-सात वेळा पुसायचं खूळ अजून पाळायचं?

खरी अडचण एसएसडीची. तिच्यात कंट्रोलर (डेटा कुठे लिहायचा ते ठरवणारी आतली चिप) स्वतःच्या मर्जीने लिखाण फिरवत असतो, त्यामुळे वरून लिहिलं तरी जुने तुकडे कुठेतरी उरू शकतात असं वाचलं. बायोसमध्ये (विंडोजआधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) सिक्युअर इरेजचा, म्हणजे एसएसडीलाच स्वतःला पुसायला सांगायचा, पर्याय सापडला नाही. मग आधी पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करून (पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी करून) नंतर 'रीसेट धिस पीसी'मधून सगळं काढलं, तर चालेल का? विंडोज होम आहे, त्यामुळे बिटलॉकर (विंडोजची स्वतःची एन्क्रिप्शन सोय) हाताने चालू करता येत नाही. त्याऐवजी व्हेराक्रिप्ट हे मोफत एन्क्रिप्शन सॉफ्टवेअर वापरलंय का कुणी?

आणि ब्राउझर, ईमेलमधून साइन आउट करण्याखेरीज आणखी काय राहून जातं?