मदत हवी आहे: तिरक्या चालीच्या जुन्या आर्केड गेमसाठी जॉयस्टिक कुठली घ्यावी?

नमस्कार मंडळी, घरीच एक आर्केड कॅबिनेट बनवतोय, नाशिकलाच, इंदिरानगरला. खोका तयार आहे, सुतारानं १८ एमएम प्लायमध्ये मस्त करून दिलाय, आत जुना पीसी आणि त्यावर मेम (जुन्या आर्केड गेम चालवणारं सॉफ्टवेअर) चालतंय, स्पीकरपण बसले, आता फक्त वरचं कंट्रोल पॅनेल राहिलंय आणि तिथे जॉयस्टिकवर गाडी अडलीय. दिवाळीला मोठा भाऊ पुण्याहून येतोय, त्याच्याआधी हे चालू करायचंय, कारण लहानपणी नाशिकरोडला व्हिडिओ पार्लरमध्ये आम्ही दोघं एकाच मशीनवर शेजारी उभे राहून खेळायचो आणि मला ते तसंच्या तसं परत हवंय.

गेम कुठल्या ते सांगतो म्हणजे अंदाज येईल. सगळ्यात आधी मुस्तफा, म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, त्याशिवाय आमचं कॅबिनेट पूर्णच होणार नाही. मग स्ट्रीट फायटर २, किंग ऑफ फायटर्स ९७, विमानाची १९४२. या सगळ्यात आठ दिशा लागतात. पण घरी पॅकमॅन आणि डाँकी काँगपण खेळले जातात, त्या १९८० आणि १९८१ च्या, निव्वळ चार दिशांच्या, आणि बायकोचा जीव क्यूबर्टवर आहे ज्यात सरळ चालणं हा प्रकारच नाही, चारही उड्या तिरक्या.

सध्या टेस्टिंगला ऑनलाइन घेतलेल्या स्वस्त किटमधल्या स्टिक लावल्यात, खाली गोल गेट (दांडीला अडवणारी प्लेट) आहे. अडचण अशी की हडूकेनला, म्हणजे स्ट्रीट फायटरमधल्या आगीच्या गोळ्याच्या मूव्हला, खाली, मग तिरकं खाली-पुढे, मग पुढे आणि पंच, यातलं मधलं तिरकं दहातल्या निम्म्या वेळा लागतच नाही आणि तेवढं एक हुकलं की स्ट्रीट फायटर २ मूव्ह धरत नाही. १९४२ मध्ये तिरकं पळताना विमान मध्येच सरळ जातं. आणि उलट पॅकमॅनमध्ये वळणावर नको तिथे तिरकं लागतं, डाँकी काँगमध्ये शिडीवर चढताना तर हमखास, मारिओ शिडीच्या तोंडाशी नुसता इकडे तिकडे करतो आणि तेवढ्यात पिंप येऊन आदळतं. म्हणजे हवं तिथे तिरकं नाही आणि नको तिथे आहे.

वाचून जे कळलं ते असं, स्टिकखाली चार मायक्रोस्विच असतात, तिरक्यासाठी वेगळा स्विच नसतोच, शेजारचे दोन एकदम दाबले गेले की गेम त्याला तिरकं समजते. आणि दांडी कुठपर्यंत जाऊ द्यायची ते खालची प्लेट म्हणजे गेट ठरवतं. चौकोनी, अष्टकोनी, गोल असे प्रकार. ऑफिसमधला एक मित्र म्हणतो डोळे मिटून अष्टकोनी घे, आठ दिशा आठ खाचा. मला ते पटतंय पण पूर्ण नाही. सान्वा जेएलएफ, सेइमित्सु एलएस-३२ आणि अमेरिकन पद्धतीची हॅप कॉम्पिटिशन ही तीन नावं समोर आहेत. इथे मिळत नाहीत, बाहेरून मागवायच्या, त्यामुळे एकदाच नीट ठरवून घ्यायच्यात. दोन प्लेयरसाठी दोन स्टिक. गेट कुठलं आणि क्यूबर्टचं काय करायचं एवढं कोणी अनुभवी माणसानं सांगा प्लीज.

प्रतिसाद, सिडकोवाला:

दादा, अष्टकोनी नको. चौकोनी घ्या, आणि कारण सांगतो कारण तुमचा प्रॉब्लेम तिथेच आहे. गोल गेटमध्ये दांडी सगळीकडे सारखीच लांब जाते, पण तिरकी गेली की ते अंतर दोन स्विचमध्ये वाटलं जातं, प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ७१ टक्केच येतं, आणि स्वस्त स्टिकमध्ये स्विच तेवढ्यात दाबला जाईल याची खात्री नसते, मग एक लागतो आणि दुसरा राहतो. अष्टकोनीचंही गणित जवळपास तेच. चौकोनात कोपरा बाजूपेक्षा १.४१ पट लांब असतो, दांडी कोपऱ्यात गेली की दोन्ही स्विच पूर्ण दाबलेले असणारच. सुरुवातीला सरळ दिशांना खाच नाही म्हणून हात चाचपडतो, पण आठवड्याभरात सवय होते, आणि हडूकेनला तर खालून कोपऱ्यात आणि कोपऱ्यातून पुढे, भिंतीला धरून दांडी आपोआप सरकते.

आता क्यूबर्ट. गॉटलीब कंपनीनं १९८२ मध्ये ते मशीन काढलं तेव्हा चार दिशांचीच स्टिक ४५ अंशात तिरकी बसवली होती. म्हणजे तिच्या चार जागा कुठे आल्या? पॅनेलच्या चार कोपऱ्यांत. तुमच्या चौकोनी गेटचे कोपरे नेमके तिथेच आहेत! मेममध्ये टॅब दाबून इनपुटमध्ये जा आणि क्यूबर्टच्या प्रत्येक दिशेला दोन दोन स्विचची जोडी द्या, वहिनींना अगदी ओरिजिनलसारखं वाटेल.

आणि तीच प्लेट ४५ अंशात फिरवून शंकरपाळ्यासारखी बसवली की कोपरे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे येतात आणि तिरक्याला जागाच उरत नाही, झाली पॅकमॅनची स्टिक. जेएलएफची मूळ प्लेट अशी फिरवता येते. फक्त दर वेळी पॅनेल उघडून खाली हात घालावा लागतो. ते नको असेल तर अल्टिमार्क कंपनीची मॅग-स्टिक प्लस बघा, वरूनच दांडी ओढून फिरवली की चारची आठ होते, किंवा त्यांचीच सर्वोस्टिक, तिचं गेट मोटरनं फिरतं. मी स्वतः मधोमध वेगळी चार दिशांची तिसरी स्टिक लावलीय, मला तेच सगळ्यात बरं वाटतं, पोरं उघडझाप करत बसत नाहीत. मेम चार दिशांच्या गेममध्ये दोन दिशा एकदम आल्या तर नवीन दिशेला मान देतं, त्यामुळे पॅकमॅन आठवर निभतो, डाँकी काँग नाही निभत.

प्रतिसाद, गंगापूररोडकर:

वरच्याशी सहमत, फक्त एक गोष्ट राहिली. १८ एमएम प्लायखाली जेएलएफ तशीच लावली तर वर दांडी फार बुटकी राहते, जपानी मशीनची पॅनेल पत्र्याची असतात त्या हिशोबानं ती बनवलीय. लाकूड कोरायच्या राऊटर मशीननं खालून खाच मारून घ्या नाहीतर वरचं पॅनेल पत्र्यातच करा. हॅपची दांडी लांब असते, ती लाकडी पॅनेलला सरळ बसते, पण तिचा पल्ला लांब आणि स्प्रिंग कडक, मुस्तफाला चालेल, किंग ऑफ फायटर्सला मनगट दुखेल.

धागाकर्ता:

सिडकोवाले भाऊ, कोपऱ्याचं गणित एकदम डोक्यात बसलं, आत्ताच गोल गेट काढून विंडोजच्या टेस्टमध्ये नुसत्या दांडीनं बघितलं तर तिरकं दर वेळी लागतंय, म्हणजे स्विच ठीक आहेत, अडवत होतं ते गेटच. तर दोन जेएलएफ चौकोनी गेटसकट आणि मध्ये चार दिशांची एक, हे पक्कं. गंगापूररोडकर, पत्र्याचंच करतो, सातपूरला लेसर कटिंगवाल्याकडे शनिवारी ड्रॉइंग द्यायचंय. आता एवढंच सांगा, ३० एमएमच्या सहा बटणांची दोन प्लेयरची मांडणी कोणी स्वतः वापरलेली आहे का, हात आखडणार नाही अशी? दोन स्टिकमध्ये किती अंतर ठेवलंत आणि मधली चार दिशांची किती वर घेतलीत ती मापंसुद्धा टाका.