उपग्रहावरील अँटेना: जाळीची छत्री की टणक तबकडी?

प्रश्न (रत्नागिरीकर): मी इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला असून दळणवळण उपग्रहांवरील परावर्तक अँटेनांच्या तुलनेवर सेमिनार देणार आहे. २०१५ साली सोडलेल्या जीसॅट-६ वर ६ मीटर व्यासाची उलगडणारी जाळीची अँटेना आहे, तर टीव्हीचे कार्यक्रम प्रक्षेपित करणाऱ्या उपग्रहांवर त्याहून पुष्कळ लहान, टणक तबकड्या असतात. व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात गेन (शक्ती एका दिशेला एकवटण्याची अँटेनाची क्षमता) वाढतो, मग सगळीकडे मोठी छत्रीच का वापरत नाहीत?

मालवणी मामा: वजन आणि छत्री न उघडण्याची धास्ती ही कारणे आहेतच, पण खरी मेख पृष्ठभागाच्या अचूकतेत आहे. पृष्ठभागाच्या खडबडीतपणामुळे किती गेन घटतो ते सांगणाऱ्या रुझ यांच्या सूत्रात आकडे घालून पाहा: आदर्श आकारापासून आरएमएस (वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ) १ मिलिमीटरचा फरक पडला, तर २.५ गिगाहर्ट्‌झला जेमतेम ०.०५ डेसिबल जातात, पण तोच फरक २० गिगाहर्ट्‌झला ३ डेसिबल, म्हणजे निम्मी शक्ती खातो. शिवाय जाळीचे गणित आमच्या रापणीसारखेच, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मासेमारीच्या जाळ्यासारखेच आहे. आस, म्हणजे जाळीचे भोक, तरंगलांबीच्या मानाने बारीक हवा, नाहीतर लहरी पलीकडे निसटतात. उपग्रहावरून खेड्यांत शैक्षणिक टीव्ही दाखवण्याच्या १९७५-७६ च्या ‘साइट’ प्रयोगात ८६० मेगाहर्ट्‌झला, म्हणजे सुमारे ३५ सेंटिमीटर तरंगलांबीला, एटीएस-६ या अमेरिकी उपग्रहावर ९ मीटरची जाळी होती आणि गावांत खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या ३ मीटरच्या अँटेनाही चालून गेल्या.

हर्णैचा वारा: मामांचे म्हणणे बरोबर आहे, पण माझ्या मते पहिला प्रश्न किती प्रदेश व्यापायचा हा असावा. ६ मीटरच्या अँटेनाचा झोत २.५ गिगाहर्ट्‌झला सुमारे १.४ अंश रुंद असतो, जो ३६,००० किलोमीटरवरून ढोबळमानाने ९०० किलोमीटर पसरतो. २० गिगाहर्ट्‌झला तोच झोत शंभरेक किलोमीटरचा, म्हणजे रत्नागिरी ते मालवण एवढाच उरतो. होडीवरच्या लहान अँटेनाच्या संचासाठी उपग्रहालाच मोठे कान, म्हणजे मोठी अँटेना लागते, हे खरे. पण देशभर टीव्ही दाखवायचा तर इतका अरुंद झोत काय कामाचा?

रत्नागिरीकर: मग देशाच्या नकाशाच्या आकाराचा झोत कसा मिळवतात?

हर्णैचा वारा: दोन मार्ग आहेत. गुळगुळीत पॅराबोलाच्या आकाराच्या तबकडीसमोर अनेक हॉर्न (तबकडीवर लहरी सोडणारे कर्णे) मांडून त्यांना योग्य प्रमाणात व योग्य कलेत (फेजमध्ये) शक्ती देता येते, पण ते वाटप करणारे जाळे जड असते आणि त्यात शक्ती वाया जाते. दुसरा मार्ग म्हणजे एकच हॉर्न ठेवून परावर्तकालाच मुद्दाम उंचसखल घडवणे. हा हलका पडतो, मात्र एकदा साचा झाला की व्याप्ती कायमची ठरते. दोन्हींत हॉर्न सहसा बाजूला असतो, म्हणजे त्याची सावली झोतावर पडत नाही. तुमच्या कौलावरची डीटीएचची तबकडी नीट पाहा: हॉर्न खालच्या काठाकडून येणाऱ्या दांड्यावर असतो, आणि तबकडी जिकडे तोंड करून आहे असे वाटते, त्याहून उपग्रह बराच वर असतो.