आठ थ्रेड, तरी कासवगती
एकाने विचारलंय की आठ कोअरच्या (प्रोसेसरमधल्या आठ स्वतंत्र गणन-भागांच्या) मशीनवर आठ थ्रेड (प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे भाग) लावले तर प्रोग्राम उलट हळू का झाला. लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला डेटा वापरू देणारं कुलूप) कमी करा हा नेहमीचा सल्ला ठीकच, पण आधी एक बघा: प्रत्येक थ्रेडचा काउंटर एकाच अ‍ॅरेत शेजारी-शेजारी आहे का? इंटेलच्या प्रोसेसरवर कॅशची (कोअरजवळच्या वेगवान मेमरीची) एक ओळ ६४ बाइटची असते, म्हणजे ८ बाइटचे आठही काउंटर एकाच ओळीत बसू शकतात. एका कोअरने आपला काउंटर वाढवला की बाकीच्या कोअरकडची ती ओळ बाद, त्यांना ती पुन्हा आणावी लागते. व्हेरिएबल वेगळी, तरी भाऊबंदकी चालूच! लिनक्सवर 'पर्फ सीटूसी' (perf c2c) हे टूल हे नेमकं पकडून देतं. उपाय म्हणजे काउंटरांमध्ये अंतर ठेवा, किंवा थ्रेडने स्वतःपुरती बेरीज करून शेवटी एकदाच लिहावी (मला हेच बरं वाटतं).

डेटा रेस (दोन थ्रेड एकाच वेळी एकाच डेटाला लॉकशिवाय हात लावतात आणि निदान एक तो बदलतो) शोधायला थ्रेड सॅनिटायझर हे टूल. प्रोग्राम ५ ते १५ पट मंदावतो, म्हणून फक्त टेस्टिंगमध्ये. व्हॅलग्रिंड या तपासणीच्या टूलमधलं हेलग्रिंडही चालेल, पण व्हॅलग्रिंडमध्ये एका वेळी एकच थ्रेड धावतो, त्यावर वेग मोजू नका.

आणि आठपट वेगाची आशा सोडा. १० टक्के काम एकापाठोपाठच होणारं असेल, तर अ‍ॅमडालच्या हिशेबाने (एकापाठोपाठचं काम एकूण वेगाला मर्यादा घालतं, हा नियम) आठ कोअरवर जेमतेम ४.७ पट.