मदत हवी आहे: पुराच्या वह्यांचा रिपोर्ट करायला विद्यापीठात कुणाला भेटायचं?

आम्ही कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीतला बायकांचा बचत गट. 2019 आणि 2021 च्या पुरात कुणाच्या घरात किती पाणी चढलं, जनावरं कुठं हलवली हे दारोदार फिरून लिहून घेतलंय, भिंतीवरच्या खुणा टेपनं मोजल्यात, चार वह्या भरल्यात पण त्याचा नीट रिपोर्ट काय आम्हाला जमत नाही. एका कॉलेजात विचारलं तर संस्थेचं रजिस्ट्रेशन मागितलं, आमच्याकडं फक्त गटाचं बँक खातं आहे. पैसे देणं होणार नाही, चहा-जेवण आमच्याकडं. एक अट, रिपोर्टमधे घरमालकांची नावं नकोत, तसा शब्द दिलाय आम्ही. नवीन शैक्षणिक धोरणात कॉलेजच्या पोरांना फील्ड प्रोजेक्टचे (गावात जाऊन केलेल्या कामाचे) क्रेडिट, म्हणजे अभ्यासक्रमात धरले जाणारे श्रेयांक, मिळतात ना, मग त्यांच्याकडून रिपोर्ट करून घ्यायला शिवाजी विद्यापीठात समाजशास्त्र, संख्याशास्त्र की पर्यावरणशास्त्र, नेमक्या कुठल्या विभागात अर्ज द्यायचा आणि रजिस्ट्रेशन नसलेल्या गटाला घेतात का?