गोव्यात घरं वाढतायत, पण राहणार कोण?

सडेकर (पेडणे)
मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि आमच्या तालुक्यातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारांवर, जेसीबीची घरघर लागली ती लागलीच. त्याच वर्षी नगरनियोजन कायद्यात १७(२) कलम आलं, पुढच्या वर्षी ३९ए. म्हणजे अर्ज करा आणि आपल्या सर्व्हे नंबरापुरता झोन, म्हणजे जमिनीचा ठरलेला वापर, बदलून घ्या. १७(२) चे नियम मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने उडवले, ३९ए च्या नोटिसा राजपत्रात येतच राहिल्या. हरकत घ्यायला ३० दिवस. तेवढ्यात नकाशा समजून घ्या, एक-चौदाचा उतारा (आमचा सातबारा) काढा, गावच्या मंडळींना जमवा. २००७ मध्ये लोकांनी रस्त्यावर उतरून २०११ सालापर्यंतचा प्रादेशिक आराखडा रद्द करायला लावला होता. आताचा आराखडा कपाटात तसाच ठेवून तुकड्या-तुकड्याने तेच चाललंय.

आकडे बघा. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख, दहा वर्षांतली वाढ जेमतेम ८ टक्के. त्याच जनगणनेत साधारण पाचातलं एक घर रिकामं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गोव्यात बाईमागे सरासरी मुलं १.३. गावच्या शाळेत पटावर पोरं नाहीत आणि डोंगर कापून दिल्लीवाल्यांच्या व्हिला! त्या डिसेंबरात पंधरा दिवस उघडतात. हिमाचलात ११८ कलम आहे, बिगरशेतकऱ्याला सरकारच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. गोव्यात तसा कायदा हवा, एवढंच माझं म्हणणं.

वाडीची_मी (सध्या म्हापसा)
सडेकर, तुमच्या हिशेबात मी कुठे बसते? घर सावंतवाडीला, नोकरी इथल्या औद्योगिक वसाहतीत, शिफ्ट ड्यूटी. रोजची ये-जा जमत नाही म्हणून खोली घेतली. मालक इथलाच, पिढ्यान्‌पिढ्यांचा गोंयकार. करार जून ते सप्टेंबर. ऑक्टोबर लागला की माझं कपाट बाहेर, नवी गादी आत, दाराला आकडे दाबून उघडायचं कुलूप, आणि तीच खोली पर्यटकाला रात्रीच्या भावाने. मग चार महिन्यांचं सामान घेऊन मैत्रिणीकडे. मी जमीन मागतच नाहीये हो, बारा महिने राहायला एक खोली मागतेय. तुमच्या ११८ ने ती मिळणार आहे का?

कुळागर (फोंडा)
११८ चं स्वप्न सोडा. घटनेत गोव्यासाठी ३७१आय कलम आहे खरं, पण त्यात विधानसभेत निदान ३० सदस्य असावेत एवढंच लिहिलंय, जमिनीबद्दल अवाक्षर नाही. आणि कायदा असून सिमल्यात किती इमारती उभ्या राहिल्या ते जाऊन बघा.

दुसरं, रिकामी घरं सगळी दिल्लीवाल्यांची, हे पटत नाही. माझ्याच वाड्यावर तीन घरांना कुलूप आहे. एका घराचे वारस मुंबईला, लिस्बनला आणि इंग्लंडातल्या स्विंडनला. इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वारसांची वाटणी, घालायची तर सगळ्यांच्या सह्या, नोटिसा, वकील. एक काका ऐकत नाहीत, घराची कौलं मात्र दर पावसात खाली येतात. भाड्याने द्यावं तर भाडेकरू सोडणार नाही ही धास्ती. मुंडकार कायदा (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याला संरक्षण देणारा) १९७५ चा, जमीनमालक भाटकारांच्या घरात तो अजून काल झाल्यासारखा बोलला जातो. शेवटी सगळे वारस एकदाच एकत्र येतात, बिल्डर चेक घेऊन आला की. झोन बदलाच्या अर्जावर कुणाची नावं असतात तेही कधी वाचा.

सडेकर (पेडणे)
विकणारे आमचेच, नाकारतो कुठे? पण घटनेत बसत नाही म्हणता, तर २०२३ चा शेतजमिनीचा कायदा कसा बसला? भातशेती बिगरशेतकऱ्याला विकायची नाही असं त्यात स्वच्छ आहे. खाली शेत वाचवलं आणि वरचा सडा मोकळा सोडला. पावसाचं पाणी जिरतं ते सड्यावरच्या जांभ्यात, आणि झरे फुटतात खाली कुळागरात, सुपारीच्या बागेत. तुमचं टोपणनावच बघा!

वाडीच्या ताई, तुम्ही बाहेरच्या नाही. पेडणं आणि सावंतवाडीत सोयरिकी किती आहेत ते काय सांगायला हवं?

वाडीची_मी
सोयरीक आहे म्हणून मी चालते, आणि माझ्या शेजारची झारखंडची मुलगी चालत नाही, असंच ना? तीही त्याच शिफ्टला जाते.

जुना_पंप (बार्देश)
पाणीपुरवठा खात्यात आयुष्यभर नोकरी केली, तेवढ्यापुरतं बोलतो. बार्देशला पाणी अस्नोड्याच्या प्रकल्पातून, आणि त्याची भिस्त तिळारीच्या कालव्यावर. कालवा फुटला की नळ कोरडे. तेव्हा पोहण्याचा तलाव असलेल्या वसाहतीत टँकर जातो. तो भरतो गावातल्याच कुणाच्या तरी विहिरीवर. शेजारणीची विहीर मार्चमध्येच तळ दाखवते, तिला कुणी विचारत नाही. सांडपाण्याची तऱ्हा तीच. सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा कागदावर ठीक, पण जांभा म्हणजे चाळण. चाळीस फ्लॅटचा मैला उताराला कुठे निघतो ते खालच्या विहिरीचं पाणी तपासा, कळेल. मालक कुठला का असेना. पाणी आणि सांडपाण्याची सोय दाखवल्याशिवाय पंचायतीने बांधकाम परवाना देऊ नये.

वाडीची_मी
काका, पटतं, पण अट घातली की व्हिलावाला पैसे टाकून प्रक्रिया प्रकल्प बसवेल. अडकेल तो चार खोल्यांची चाळ बांधणारा, जिथे आमच्यासारखे राहतात. मग चाळ परवान्याशिवायच उभी राहते, कोमुनिदादच्या, म्हणजे गावसंस्थेच्या सामाईक, जागेत. पुढे सरकार नियमित करतंच. २०१४ च्या फेब्रुवारीपूर्वीची घरं नियमित करायचा कायदा २०२५ मध्ये केलाच ना?

कुळागर
सनदेसाठी (जमीन बिगरशेती करण्याच्या परवानगीसाठी) खेटे घालून ज्यांनी बांधलं त्यांच्या तोंडाला पानं पुसली, हेही लिहा.

सडेकर
येत्या ग्रामसभेत मी ठराव मांडतोय, सड्यावर झोन बदल नको म्हणून. ११८ चा उल्लेखही करणार, कुळागरबाब काही म्हणोत. जुना_पंप, पाण्याचा मुद्दा लेखी द्या, जोडतो.

वाडीची_मी
माझं नाव मतदार यादीत सावंतवाडीला, तेव्हा तिथे मला बोलता येणार नाही. माझ्या वतीने एक ओळ घाला: बारा महिन्यांच्या कराराने घर देणाऱ्याला घरपट्टीत सूट, आणि पर्यटकाला देणाऱ्याकडून व्यावसायिक दराने वसुली.

सडेकर
सूट घालतो. वसुलीचं कठीण आहे, निम्म्या पंचांच्या खोल्या पर्यटकांना दिलेल्या आहेत.