शब्दचर्चा : ‘ऐकू येणे’, ‘ऐकणे’ आणि ‘भास’

प्रश्न : स्किझोफ्रेनियाविषयीच्या एका मराठी माहितीपुस्तिकेत ‘रुग्णाच्या कानात आवाज येतात’ आणि ‘रुग्ण ऐकत नाही’ अशी दोन वाक्ये आहेत. ती योग्य आहेत का? तसेच ‘श्रवणभ्रम’ लिहावे की ‘श्रवणभास’?

उत्तर १ : दोन्ही वाक्ये बदलावीत. ‘कानात आवाज येणे’ हा प्रयोग मराठीत कर्णनादासाठी, म्हणजे कानातल्या सततच्या गुणगुणीसाठी किंवा शिट्टीसारख्या आवाजासाठी रूढ आहे, आणि तशी तक्रार घेऊन माणूस कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जातो. स्किझोफ्रेनियात बहुधा ऐकू येते ते बोलणे : कोणी रुग्णाच्या वागण्यावर शेरे मारतो, कोणी हुकूम सोडतो, कधी दोघे त्याच्याविषयी आपापसांत बोलतात. म्हणून ‘समोर कोणी नसताना बोलणे ऐकू येते’ असे सरळ लिहावे. नाम हवेच असेल तर ‘श्रवणभास’ बरा, कारण ‘भ्रम’ हा शब्द खोट्या पण ठाम समजुतीसाठी राखून ठेवला की वाचकाचा घोटाळा होत नाही.

उत्तर २ : ‘श्रवणभास’ मला मान्य आहे, मात्र बोलीत ‘भास’ला ‘नुसता’ फार लवकर येऊन चिकटतो, आणि रुग्णाला तो आवाज नुसता वाटत नाही. आपण बोलतो तेव्हा ‘हा आवाज आपलाच आहे’ अशी आगाऊ सूचना मेंदू स्वतःच्या श्रवणकेंद्राला देतो आणि तेथील प्रतिसाद मंदावतो. स्किझोफ्रेनियात हे मंदावणे कमी आढळते, आणि स्वतःचेच मनातले बोलणे परके वाटण्याचे मूळ यात असावे अशी एक उपपत्ती आहे. तो परका कोण, हे मात्र समाजागणिक बदलते. मानववंशशास्त्रज्ञ टान्या लुहरमन व सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया, घानातील अक्रा आणि चेन्नई येथील रुग्णांशी बोलून 2015 मध्ये जे प्रसिद्ध केले, त्यात चेन्नईच्या अनेकांना नातेवाइकांचे आवाज येत आणि ते घरातली कामे सांगत. पुस्तिकेत हे उदाहरण घ्यावे. आपल्याकडच्या कुटुंबांना ते ओळखीचे वाटेल.

‘ऐकत नाही’ हे वाक्य तर अन्यायाचेच आहे. आपल्याकडे ‘ऐकणे’ म्हणजे ‘मानणे’ही होते, त्यामुळे आजाराचे लक्षण हट्टीपणाच्या खात्यावर जमा होते. नेहमीच्या श्रवणचाचणीत दोष नसलेल्या अनेक रुग्णांनाही जवळजवळच्या दोन स्वरांतील चढउतार ओळखणे अवघड जाते. एकसारख्या स्वरांच्या मालिकेत मध्येच वेगळा स्वर वाजवला, तर मेंदूत आपोआप उमटणारा प्रतिसाद या आजारात क्षीण असतो, हे 1991 पासून पुनःपुन्हा दिसले आहे. बोलण्यातला राग, आर्जव किंवा टोमणा बराचसा या चढउतारावरच कळतो. ‘आलात वाटतं!’ हे स्वागत की तिरकस बोलणे, ते शब्दांत नसून हेलात आहे. हेल निसटला की उत्तर विसंगत येते आणि घरचे म्हणतात, लक्षच देत नाही. त्या जागी ‘रुग्णाला शब्द ऐकू येतात, पण बोलण्याचा रोख ओळखणे जड जाऊ शकते; म्हणून शांत जागी, एकेकाने, सूचक न बोलता स्पष्ट सांगावे’ असे लिहिता येईल.