घरघर तर नेहमीचीच, मग छाती भरलीय हे ओळखायचं कसं?

भांडुपची_आई:
मुलगा ७ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर ताबा नाही). बोलत नाही, मानही नीट धरत नाही. छातीत घरघर बारमाही. जुलैत दोन दिवस पेज पुढे केली की तोंड फिरवायचा. मला वाटलं, पावसाने कंटाळलाय. दवाखान्यात नेलं तर ताप नाही म्हणून घरी पाठवलं. ताप खरंच औषधालाही नव्हता! तिसऱ्या दिवशी ओठ काळसर. न्यूमोनिया, ९ दिवस ॲडमिट. तुम्ही घरी काय बघता?

लेकीची_मम्मा_परळ:
ताई, माझी ११ वर्षांची. एकदा पोळल्यावर मी तिचं ‘बरं असतानाचं’ लिहून फ्रिजवर चिकटवलं. झोपेत श्वास मिनिटाला १८, ऑक्सिजन ९७. पूर्ण मिनिट मोजायचं हं, अर्धं मोजून दुप्पट नाही. शंका आली की फ्रॉक वर करून बघते: बरगड्यांखाली खड्डा पडतोय का, नाकपुड्या फुलतायत का. तिचे झटके वाढले तरी आधी छाती बघते. हाताची बोटं आखडलेली, त्यामुळे ऑक्सिमीटर पायाच्या अंगठ्याला. आणि बरी असतानाचा श्वासाचा व्हिडिओ मोबाइलमध्ये ठेवाच. नवीन डॉक्टर “हिचं असंच असतं का?” विचारतात, तेव्हा आपलं बोलणं कमी पडतं.

फिजिओ_दादर:
व्हिडिओचं अगदी बरोबर. एक ते पाच वर्षांच्या मुलांसाठी मिनिटाला ४० श्वास ही धोक्याची खूण मानतात. तुमचा मुलगा मोठा आहे, त्याचा आकडा त्याच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. या मुलांचा खोकला कमजोर असतो, म्हणून खोकला नाही म्हणजे कफ नाही असं धरू नका. ठसका न लागताही घास श्वासनलिकेत जातो. भरवल्यावर आवाज ओला येतो का? येत असेल तर गिळणं तपासून घ्या. आडवं भरवू नका, नंतर अर्धा तास बसतं ठेवा. ओठ निळे, कण्हत श्वास किंवा हलवूनही नीट जाग नाही, तर मोजत बसू नका, १०८.

भांडुपची_आई:
काल रात्री मोजला, २२. दोनदा मोजला, पहिल्यांदा लोकलच्या भोंग्यात आकडा विसरले. आवाज ओला येतो हो, दूध प्यायल्यावर. मी त्याला कफच समजत होते. सोमवारी ओपीडीत विचारते.